कडीचं माप

१

हुकावर कडी नव्हती.

तळ्यावरचे मासे तोलणाऱ्या काटेबाईंनी आधी हुकाकडे पाहिलं, मग खालच्या फरशीकडे, मग उगाचच छताकडे. काट्याच्या खोलीत वस्तू अशा कितीशा? एक मोठा वजनकाटा, चार टोपल्या, पाण्याची बादली, तात्यांची मोडकी खुर्ची आणि भिंतीवरच्या हुकाला टांगलेली पितळेची कडी. बाकी सगळं जागच्या जागी होतं, कडी तेवढी गेली होती. दाराला कुलूप कधीच नसायचं. कडी कोणी चोरेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, कारण वस्तीबाहेर तिचा कोणाला काडीचा उपयोग नव्हता.

तळ्यावरून होडी आली की प्रत्येक मासा या कडीतून घालून बघायचा. आरपार गेला तर तो लहान. जिवंत असतानाच पुन्हा पाण्यात. अडला तर तो आपला. तात्या वीसेक वर्षं कडी हातात धरून बसत आले होते आणि भल्याभल्या होडीवाल्यांचे मासे मख्ख चेहऱ्याने पाण्यात फेकत आले होते. कोणी चिडलं तर तात्या म्हणत, "माझ्यावर कशाला ओरडतोस? कडीला विचार." कडी आज्यापणज्यांच्या काळातली. तिच्याशी भांडून काय मिळणार?

अडलेल्या माशांपैकी दर विसावा मासा सामाईक टोपलीत जाई. ज्या घरात होडी नाही, किंवा कमावतं माणूस अंथरुणाला खिळलंय, त्या घरच्यांनी यावं आणि टोपलीतून घेऊन जावं. विचारायचं नाही, सांगायचं नाही, नावं लिहायची नाहीत. टोपली धक्क्याच्या मागच्या अंगाला ठेवायची आणि त्या वेळात सगळ्यांनी तिच्याकडे पाठ करून उभं राहायचं, एवढाच कायदा. कोण येतं, किती नेतं, हे साठ वर्षांत कोणी पाहिलेलं नव्हतं. निदान सगळे तसं म्हणत.

काटेबाईंना काळजी लागली ती या टोपलीची. हंगाम उघडायला दोन दिवस उरले होते. त्या दिवशी तळ्यांच्या खात्याच्या मॅडम येणार होत्या, आणि त्यांची नोटीस दारावरच डकवलेली होती. ज्या तळ्याला सगळ्यांनी मान्य केलेलं एक माप असेल ते वस्तीकडे राहील. जिथे माप नसेल ते ठेक्याने दिलं जाईल. ठेक्यासाठी बर्फाच्या कारखान्यावाल्या शेठचा अर्ज कधीच पोचला होता. ठेकेदाराच्या तळ्याला सामाईक टोपली नसते. पलीकडच्या खोऱ्यातलं तळं बारा वर्षांपूर्वी ठेक्याने गेलं, आणि आता तिथे बगळेसुद्धा उतरत नव्हते.

तात्या डुलत डुलत आत आले आणि सवयीने हुकाकडे हात नेला. हात तसाच वर राहिला.

"कुठे ठेवलीत हो कडी?"

"मी तुम्हाला तेच विचारणार होते," काटेबाई म्हणाल्या.

तात्या मटकन खुर्चीत बसले. मग अगदी हळू म्हणाले, "आता मासा लहान का मोठा, हे कोण ठरवणार?"

२

ते ठरवायला अख्खी वस्ती तयार होती, हीच तर पंचाईत होती.

दुपारी लाकडी धक्क्यावर सभा भरली. पहिली पाच मिनिटं सगळे हळहळले. सहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणालं की कडी तशी जरा मोठीच होती, नाही का? आणि मग बांध फुटला. ज्याची होडी छोटी त्याला लहान माप हवं होतं. ज्याची मोठी त्यालाही लहानच हवं होतं, कारण छोट्या होडीवाले लहान मासे नेणार असतील तर त्याने काय घोडं मारलं होतं? सगळ्यांत वरचा आवाज थोरल्या होडीवाल्याचा. त्या आवाजामुळेच त्याला सगळे भोंगा म्हणत.

"माझ्या घरात सात माणसं आहेत!" भोंगा ओरडला. "मी एकटा मोठा मासा धरत बसू आणि बाकीचे खालून तळं उपसणार? मी काय साधू आहे?"

काटेबाई ऐकत होत्या. इतकी वर्षं हीच माणसं एका कडीपुढे गुपचूप मान तुकवत होती. आणि वाईट कोणीच नव्हतं. शेजारी थांबेल याचा भरवसा नाही म्हणून एकेक जण धावायला निघाला होता. त्यांना त्या लहानशा पितळी वस्तूचं पहिल्यांदाच नवल वाटलं. साठ वर्षं तिने एवढं सगळं अंगावर घेतलं होतं.

बर्फवाले शेठ कडेला छत्री घेऊन उभे होते. ते नुसते हसत होते.

तेवढ्यात जाळी विणणारे गाठीमामा पुढे आले. एरवी सभेत मूग गिळून बसणारा माणूस. "भांडू नका," ते म्हणाले. "माझ्याकडे मापाची पट्टी आहे. कडीवरूनच कापलेली. हिच्यावरून नवी कडी ओतून घ्या." त्यांनी लाकडाची एक चपटी पट्टी वर धरली. जाळ्याचा प्रत्येक डोळा या पट्टीभोवती दोरा घेऊनच विणला जातो, म्हणून दर हंगामाआधी ते कडीच्या पोटात बसेल अशी नवी पट्टी कापत. पट्टी पिवळीधमक होती.

"तुझी पट्टी आम्ही का मानावी?" भोंगा गरजला. "उद्या मीपण घरून एक लाकूड आणतो!"

शेवटी तात्यांनीच हात जोडले. "चोर शोधायला हवा. आणि ते काम काटेबाईंनी करावं. त्यांचा काटा आजवर कोणाच्या बाजूने झुकलेला नाही."

यावर मात्र कोणी ओरडलं नाही. काटेबाई घराकडे वळल्या, तेव्हा त्यांच्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे सगळ्यांच्या अक्का, टोपली धुवून पालथी घालत होत्या. टोपलीची सगळी उस्तवार त्यांच्याकडेच असे. त्या एवढंच म्हणाल्या, "शोधतेस खरी. पण सापडलं ते आवडेलच असं नाही हं."

३

दुसऱ्या दिवशी सकाळी काटेबाईंनी तात्यांपासून सुरुवात केली.

"शेवटची कधी पाहिलीत?"

"परवा संध्याकाळी. हंगाम संपल्यावर अक्का घासायला घरी नेतात ना, तशी नेली होती. आठवड्याने आणून दिली, लखलखीत. तेव्हापासून हुकावरच होती की." तात्यांनी उसासा टाकला. "मी इथे आलो तेव्हा अंगठ्याएवढी जाड होती हो. घासून घासून करंगळीएवढी झाली. माझंही तसंच चाललंय."

"गाठीमामा माप घ्यायला कधी आले होते?"

"या वर्षी कुठे आला? वाट बघत होतो. दर वर्षी येतो, चहा पितो, माझ्यासमोर पट्टी कापतो आणि जुनी पट्टी माझ्याच चुलीत घालतो. या वर्षी पत्ताच नाही."

काटेबाई जागच्या जागी थांबल्या. पण आधी त्या बर्फाच्या कारखान्याकडे गेल्या, कारण सगळ्या वस्तीच्या मनातला चोर तिथे बसला होता.

शेठनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "मी चोरली असं तुम्हाला वाटतं. सगळ्यांनाच वाटतं. पण बाई, मला ती कडी हवी होती ती हुकावरच! मॅडमनी सगळ्यांसमोर मोजावी म्हणून मी किती दिवस वाट बघतोय."

"ते कशाला?"

शेठनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. खात्याच्या जुन्या नोंदीची नक्कल होती ती. वस्तीने कडी बसवली तेव्हा त्या वेळच्या साहेबाने तिच्या पोटाचं माप लिहून ठेवलं होतं. कडीच्या तोंडाचा वर्तुळाकार ठसाच कागदावर काढलेला होता.

"घाला बोटं," शेठ म्हणाले.

काटेबाईंनी त्या वर्तुळावर आपली बोटं जुळवून ठेवली. तीन बोटं, अगदी चपखल.

"आता आठवून सांगा. हुकावरच्या कडीत किती बोटं जायची?"

त्यांना आठवायची गरज नव्हती. कडी हातात आली की त्या बोटं घालून फिरवत, ती सवयच होती. चार. आणि चारही सैल.

"म्हणजे ती कडी आज्यापणज्यांची नव्हेच," शेठ गोड आवाजात म्हणाले. "साठ वर्षांच्या तुमच्या त्या पवित्र मापात कोणीतरी खोट केली आहे. हे मॅडमना दाखवलं की माझं काम झालं."

४

काटेबाई बाहेर आल्या आणि वस्तीकडे चालू लागल्या. कडी बदलली असेल का? बदलली तर केव्हा? कडी हातात नव्हती, जुनी पट्टी दर वर्षी चुलीत जात होती. मग मागची मापं मिळणार कुठून?

वाटेत एका परसात त्या थबकल्या. कोंबड्यांच्या खुराड्याला जुनं जाळं ताणून बांधलेलं होतं. त्यांनी पुढच्या परसाकडे पाहिलं. तिथे वेल जाळ्यावर चढवलेला होता. त्याच्या पुढे पाळण्याला जाळं, त्याच्या पुढे कांद्यांची पिशवी जाळ्याची. फाटलेलं जाळं या वस्तीत कोणी टाकत नसे. आणि प्रत्येक जाळं त्या त्या वर्षीच्या पट्टीवर, म्हणजे त्या त्या वर्षीच्या कडीवर विणलेलं होतं.

दुपारपर्यंत त्या घरोघर फिरल्या. जाळं कोणत्या वर्षीचं हे विचारलं की बायका गोंधळत. पण घरात तेव्हा काय घडलं हे विचारलं की पाणी वाहावं तशा बोलत.

"हे ना? धाकटीच्या वेळी मी आठव्या महिन्यात होते आणि यांनी नवीन जाळं घेतलं. मी रडले होते त्यावरून. धाकटी आता एकोणीसची."

"हे सासूबाई गेल्या त्या वर्षीचं. सहा वर्षं झाली."

"हे तर आमच्या मामंजींचं. तीस वर्षांपूर्वीचं असेल बघा. मांजरसुद्धा ओरबाडत नाही आता."

काटेबाई प्रत्येक जाळ्याचा एकेक तुकडा मागून घेत गेल्या आणि त्याला चिठ्ठी बांधत गेल्या. मग काट्याच्या खोलीत दार लावून त्यांनी ते जमिनीवर मांडले, जुन्यापासून नव्याकडे, आणि गुडघ्यांवर बसून प्रत्येक डोळ्यात बोटं घातली.

तीस वर्षांपूर्वीच्या जाळ्यात तीन बोटं. पंचवीस वर्षांपूर्वीच्यातही तीनच. आणि त्यानंतर डोळा वाढायला लागला होता. एका वर्षात जेमतेम नखाच्या जाडीएवढा; शेजारी ठेवल्याशिवाय कळणारही नाही इतका. पुढच्या वर्षी तेवढाच. त्याच्या पुढच्या वर्षी तेवढाच. कडी बदललेली नव्हती. ती आतून मोठी होत गेली होती.

सव्वीस वर्षं काटेबाई काट्यावर होत्या. मासे वजनाला भरत चालले आहेत हे त्यांच्या हातांना कधीच कळलेलं होतं. पूर्वी टोपलीत वीस मावायचे तिथे आता नऊ मावत. तळ्याची कृपा, असं त्या म्हणत. सगळेच म्हणत. आणि इथे जमिनीवर ती कृपा नखानखाने मोजून मांडलेली होती. कोणीतरी चोवीस वर्षं एक अख्खं तळं बोटाच्या टोकाने ढकलत आणलं होतं आणि कोणाला पत्ता लागू दिला नव्हता.

पण हे घासण्याने झालेलं नसेल कशावरून? पितळ झिजतंच. त्यांनी तुकडे पुन्हा एकदा तपासले, आणि तेव्हा त्यांना ते दिसलं. चौदा वर्षांपूर्वीचं जाळं आणि तेरा वर्षांपूर्वीचं जाळं, दोघांचा डोळा तंतोतंत सारखा होता. त्या एका वर्षी कडी तसूभरही वाढली नव्हती.

त्या वर्षी असं काय झालं होतं?

त्यांना आठवलं. त्या वर्षी अक्कांचं मनगट मोडलं होतं. कडी घरी आली होती, पण ती अक्कांनी घासली नव्हती. ती काटेबाईंनी स्वतः घासली होती, राख लावून, वाळू लावून, हात दुखेपर्यंत.

५

तरी एक गाठ उरलीच होती. अक्कांनी कडी वाढवली असेल. पण हुकावरून काढली कोणी? अक्कांनी तर ती आणून तात्यांच्या हातात दिली होती.

काटेबाई गाठीमामांच्या खोपटात गेल्या. मामा पिंपात साल उकळत होते. नवी जाळी त्या लाल काढ्यात बुडवली की पाण्याने कुजत नाहीत.

"मामा, सभेत दाखवलीत ती पट्टी बघू."

मामांनी दिली. काटेबाईंनी ती नाकाशी नेली. ओल्या लाकडाचा वास अजून गेला नव्हता.

"ही या आठवड्यात कापलेली आहे," त्या म्हणाल्या. "सभेत तुम्ही म्हणालात, कडीवरूनच कापलेली. पण या वर्षी माप घ्यायला तुम्ही त्यांच्याकडे गेलाच नाहीत. मग ही कशावरून कापलीत?"

मामांनी बाही वर सारली, काठीने पिंपाचा तळ ढवळला, आणि काठीच्या टोकाला अडकून लाल झालेली कडी वर आली.

"मला चोर म्हणा," ते म्हणाले. "शेठ तो कागद घेऊन फिरतोय हे मला कळलं होतं. मॅडमनी मोजली असती की संपलंच. म्हटलं, कडी नाहीशी होऊ दे. माझी पट्टी धरून लोक नवी ओततील आणि कोणावर बालंट येणार नाही. भोंग्याने सगळा विचका केला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"बावीस वर्षं. दुसऱ्यांदा पट्टी सैल बसली तेव्हा वाटलं, मीच चुकलो. तिसऱ्यांदा कळलं."

"आणि कोण करतंय हे?"

मामांनी मान हलवली. "ते मी शोधलं नाही. शोधलं असतं तर एका दिवसात सापडलं असतं. पण टोपलीकडे आपण पाठ करतो ना बाई? तशीच मी इकडेही केली. मासे मोठे येत होते. आणि आमच्या घरी एक वर्ष असं होतं की... जाऊ दे. तुम्हाला सापडलंय, हे दिसतंयच तुमच्या तोंडावर. माझ्या कानावर घालू नका."

६

अक्का स्वयंपाकघरात भांडी पुसत होत्या. या दोघी जावा तीस वर्षं एकाच चुलीवर रांधत आल्या होत्या. काटेबाईंची पोरं अक्कांच्या मांडीवर वाढली, तेव्हा कुठे काटेबाई काट्यावर उभ्या राहू शकल्या. त्यांनी कडी ओट्यावर ठेवली.

अक्कांनी ती बघितली, फडका खांद्यावर टाकला आणि फळीवरच्या डब्यामागून एक छोटी कानस काढून कडीशेजारी ठेवली. लपवाछपवी अशी काही केलीच नाही.

"वर्षाला हिचे चाळीस हात," त्या म्हणाल्या. "मोजून. एकही जास्त नाही. जास्त झाला असता तर कोणाच्यातरी डोळ्यावर आलं असतं."

"पण का अक्का? सभेत का नाही मांडलंत?"

"मांडलं की! तू तेव्हा नवीन होतीस, तुला आठवत नसेल. तीन वर्षं लागोपाठ मांडलं. म्हटलं, कडी जरा मोठी करू, मासा एकदा तरी अंडी घालेल, मग धरू. सगळे म्हणाले, अक्का, अगदी खरं आहे. आणि सगळे म्हणाले, पुढच्या वर्षी." त्यांनी कडी फडक्याने पुसायला घेतली. "एकालाही ते चुकीचं वाटत नव्हतं गं. फक्त पहिलं कोणाला व्हायचं नव्हतं."

"आणि तुम्ही ठरवलंत, न विचारता करायचं."

अक्कांनी कडी खाली ठेवली. "त्या वर्षी मी एक पाप केलं. टोपलीकडे वळून पाहिलं. एक बाई उभी होती. टोपलीत एकच मासा उरलेला, एवढा," त्यांनी तळहात दाखवला. "तो तिने उचलला, परत ठेवला, पुन्हा उचलला. तिच्या मागे दुसरं कोणी येईल म्हणून ठेवत होती ती. आणि घरी तिची स्वतःची पाच तोंडं. टोपलीत मासा नगावर येतो, विसात एक. नग वाढवायचा तर सभा लागते. मासा वाढवायला कानस पुरते."

काटेबाईंची ही जाऊ डाळ जास्त शिजली म्हणून रोज कुरकुरते, पंखा चालू ठेवला म्हणून ओरडते, आणि हिने कोणाच्या नकळत वस्तीभरच्या माणसांचा घास मोठा केला. त्यांना अक्कांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्यांचा रागही आला.

"लोकांना फसवलंत तुम्ही," त्या म्हणाल्या.

"हो," अक्का म्हणाल्या. "उद्या काय करणार आहेस?"

"काट्यावर ठेवणार. सगळं."

अक्कांनी मान डोलावली. "मग सांगेन मीच. तू नको. तुझी जीभ अडखळेल."

७

हंगामाच्या सकाळी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. काटेबाईंनी पहाटेच येऊन जाळ्यांचे तुकडे फळ्यांवर ओळीने अंथरले होते. सगळ्यांत जुना जमिनीकडे, सगळ्यांत नवा पाण्याकडे. त्याच्या पुढे चार-पाच उघड्या फळ्या, आणि मग तळं.

मॅडम आल्या, मोजपट्टी घेऊन. काटेबाईंनी कडी त्यांच्या हातात दिली. "कडी मामांनी नेली होती," त्या म्हणाल्या, "आणि ती का नेली ते आता कळेल." त्यांनी जाळी दाखवली, डोळ्यांत बोटं घालून दाखवली, एकसारखी निघालेली ती दोन वर्षं दाखवली. मग अक्का पुढे आल्या आणि चार वाक्यांत सांगून मोकळ्या झाल्या. कानस त्यांनी मॅडमच्या पुढ्यात ठेवली.

मग शेठ म्हणाले, "ऐकलंत मॅडम? उघड उघड फसवणूक. यांच्याकडे माप नाहीच. कधी नव्हतंच."

"फसवणूक आहे," मॅडम म्हणाल्या. "ती मला लिहावी लागेल."

"अक्का!" भोंग्याचा आवाज फुटला. "चोवीस वर्षं! दर वर्षी माझ्या जाळ्यातले मासे तुम्ही परत पाण्यात टाकायला लावलेत! माझं हक्काचं! मला एका शब्दाने विचारलं नाहीत!"

"नाही विचारलं," अक्का म्हणाल्या. "विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

"आता विचारते," काटेबाई म्हणाल्या. "कडी बाजूला ठेवा. ती कोणाचीच नाही. ही जाळी तुमचीच आहेत, तुमच्याच घरातली. प्रत्येक होडीच्या माणसाने, आणि होडी नसलेल्यानेही, जे माप हवं त्या जाळ्यापाशी जाऊन उभं राहायचं. दुसरा कुठे उभा राहतो याची वाट बघत बसायचं नाही. जिथे सगळे भेटतील ते माप. भेटला नाहीत तर तळं शेठचं. मला पुढे काही म्हणायचं नाही."

कोणी हललं नाही. तात्या चष्मा पुसत राहिले. गाठीमामा पाण्याकडे बघत होते. पहिलं कोणालाच व्हायचं नव्हतं, आणि काटेबाईंच्या लक्षात आलं की अक्कांची ती तीन वर्षंही नेमकी अशीच गेली असतील.

मग भोंगा निघाला. तो सरळ जमिनीकडे गेला, सगळ्यांत जुन्या जाळ्यापाशी. तीन बोटांचं माप. शेठनी छत्री मिटली. काटेबाईंनी डोळे मिटले.

भोंगा खाली वाकला आणि त्याने त्या डोळ्यात आपली जाडजूड बोटं घालून पाहिली. दोनच गेली. "हे आमच्या बाबांचं जाळं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यांदाच कोणाला कान देऊन ऐकावा लागला. "दिवसभर राबून बादली भरायची नाही त्यांची. आम्ही बहीणभाऊ काटेच चोखायचो. बाबांना वाटायचं, त्यांच्या हातालाच गुण नाही. मरेपर्यंत वाटत होतं."

तो उठला. पुढच्या जाळ्यापाशी गेला, तिथे थांबला, पुढे गेला. धक्क्यावर नुसता त्याच्या पावलांचा आवाज होता. वीस वर्षांपूर्वीचं जाळं, पंधरा, दहा. मागच्या वर्षीचं जाळं आलं, ज्याच्यात चार बोटं सैल जात होती. काटेबाईंना वाटलं, थांबला. तो थांबला नाही. ते जाळं ओलांडून तो उघड्या फळ्यांवर गेला, जिथे काहीच अंथरलेलं नव्हतं, आणि पाण्याकडे पाठ करून सगळ्यांसमोर उभा राहिला.

"पुढच्या वर्षीचं इथे येईल ना?" त्याने विचारलं. "मग मी इथे."

छोट्या होडीची एक म्हातारी लगबगीने निघाली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग दोघे भाऊ, जे एकमेकांशी सहा वर्षं बोलत नव्हते. मग तात्या, मग गाठीमामा, मग पोरं कडेवर घेतलेल्या बायका, होडीवाले, होडी नसलेले, आणि शेठच्या कारखान्यात बर्फ फोडणारे दोघे, ज्यांनी शेठकडे एकदा पाहिलं आणि मग पाहिलं नाही. जाळ्यांची ओळ मोकळी पडली. सगळी वस्ती त्या चार-पाच उघड्या फळ्यांवर दाटली. अक्का एकट्याच कडेला उभ्या होत्या. भोंग्याने हात लांब करून त्यांना आत ओढून घेतलं. काटेबाईंना रडू येत होतं आणि हसूही, आणि आपल्या काट्यावर आजवर आलेलं सगळं वजन याच्यापुढे हलकं होतं असं त्यांना वाटलं.

मॅडम मोजपट्टी घेऊन तिथवर आल्या आणि गोंधळून उभ्या राहिल्या. फळ्या कुरकुरायला लागल्या होत्या. धक्का पाण्याकडे कलला होता.

"अहो, एवढे सगळे एका जागी नका उभे राहू!" त्या ओरडल्या. "मागे सरका! धक्का मोडेल!"

कोणीही मागे सरकलं नाही.